अर्मांदिनवर चढवलेला चेहरा

तो चेहरा माझ्या बहिणीचा नाही. चित्रावरचा पडदा सरकला, बँडवाल्यांनी पिपाण्या फुंकल्या, तुम्ही सगळ्यांनी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या, आणि एवढ्या सभागृहात एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ही बया कोण? लाल ओठ, गोबरे गाल, बिस्किटाच्या डब्यावरून खरवडून आणल्यासारखी ही बाई आम्ही धुणं धुतो त्या काठाला बांधलेल्या नावेवर चढली कधी? तिला नीळ कशाशी खातात ते तरी माहीत आहे का? आणि माझी बहीण गेली कुठे?

नगराध्यक्षसाहेब खुणा करताहेत, आधी रीतसर सुरुवात करा म्हणून. करते. रीत मलाही कळते.

तर, आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आर्दूवाल गावाचे नगराध्यक्ष मस्यू पेर्द्रियेल. चित्रं पसंत-नापसंत करणाऱ्या समितीचे, खास पॅरिसहून आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांचं नाव मला दोनदा सांगितलं गेलं आणि मी दोन्ही वेळा विसरले. आमचे लांग्लुआ गुरुजी. मखमली खुर्चीत बसलेले आजचे सत्कारमूर्ती, चित्रकार मस्यू अनातोल द्युफ्रेन. आणि समोर सफरचंदाच्या सायडरचे पेले धरून माझं कधी आटोपतंय याची वाट बघणाऱ्या गावकऱ्यांनो, नदीवरच्या माझ्या बायांनो, तुम्हा सर्वांना झेली कारोंचा नमस्कार.

गुरुजींनी मला एक कागद लिहून दिला आहे. "ज्यांच्या कुंचल्यानं आमच्या नम्र खेड्याला अमरत्व बहाल केलं" अशी त्याची सुरुवात आहे. सुंदर आहे, गुरुजी. आठवडाभर माझ्या भाचीनं तो माझ्याकडून घोकून घेतला. पण तो आता खिशातच राहू दे. अमरत्व कुणाला बहाल झालं आणि कुणाकडून काढून घेतलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. मला लिहिता-वाचता बेतास बात येतं, पण बोलायला कुणाची मदत लागत नाही. हसू नका, फिर्मां. तुमच्यावरही येणार आहे मी.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. येत्या शनिवारी याच सभागृहात, याच भिंतीखाली, माझ्या भाचीचं लग्न लागणार आहे. लेओनी तिचं नाव. अर्मांदिनची मुलगी. अर्मांदिन माझी धाकटी बहीण, सहा हिवाळ्यांपूर्वी छातीच्या तापानं गेली. तिचा फोटो नाही. आमच्यासारख्यांचे फोटो कोण काढतो? तिची एकच खूण या जगात उरली होती, ती या चित्रात. म्हणून लेओनीनं मे महिन्यात ठरलेलं लग्न पुढे ढकललं. सासरच्यांनी तोंडं वाकडी केली, तरी बधली नाही. म्हणाली, चित्र भिंतीवर लागू दे, मग लग्नाच्या वहीत सही करेन; आई बघत असताना करेन. खरं म्हणजे आई काही बघत नव्हती. त्या चित्रात तिची आमच्याकडे पाठ होती. पण पोरीला जे म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि नगराध्यक्षसाहेब, तुम्हालाही कळलं होतं. तुम्हीच म्हणाला होता की या दालनात याहून शोभणारं दुसरं चित्र नाही.

आता सत्कारमूर्तींविषयी. सत्कार आहे म्हटल्यावर गुण सांगितलेच पाहिजेत, आणि गुण आहेत. मी नाकारत नाही.

आठ वर्षांपूर्वी हे गृहस्थ मोठी पांढरी छत्री आणि घडीचं स्टूल घेऊन नदीकाठी येऊन बसले, तेव्हा आम्हाला वाटलं मासे पकडणारा आहे. मग वाटलं वेडा आहे. चित्रकार म्हणजे घरात बसून राजे-राण्या, घोडे आणि उघड्या देव्या काढणारा, एवढंच आम्हाला ठाऊक. हा बाबा उन्हात बसून चिखल काढायचा! आमची नाव, आमचे पाट, आमचे ओले पार्श्वभाग. खाटकाची बायको कितीदा म्हणाली असेल, "कोंबडीनं पाय पुसलेत हो कापडावर." ती समोरच बसली आहे, विचारा तिला. आणि घाई काय! चित्र सुरू केलं की हात असा चालायचा की अर्मांदिन नावेवरून ओरडायची, "मस्यू, मागे पोलीस लागलेत काय?"

"ऊन पळतंय, बाई, ऊन!"

"पळू द्या की. उद्या येईल."

"उद्या येईल ते दुसरं."

तासाभरानं ते कापड बाजूला ठेवून दुसरं काढायचे, कारण पाण्याचा रंग बदललेला असायचा. पहिलं कापड दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बाहेर. ढग आला तर स्वारी हात जोडून बसणार. आम्ही पोट धरून हसायचो.

माझं आणि त्यांचं भांडण झालं ते चादरींवरून. त्यांनी आमच्या दोरीवरच्या चादरी रंगवल्या. मी मागून जाऊन बघते तर काय, चादरींवर निळे डाग, जांभळे डाग! माझ्या चादरींवर! अहो, नीळ जरा जास्त झाली तर मी पोरींना फैलावर घेते, पुन्हा खळबळून काढायला लावते, आणि हा माणूस जगाला दाखवतोय की झेली कारोंच्या हाताखालून चादरी निळ्या निघतात?

"पुसा ते," मी म्हटलं.

"काय पुसू?"

"निळं. माझी गिऱ्हाइकं तुटतील."

उगाच नाही म्हटलं. वकीलीणबाईंनी भर बाजारात मला थांबवलं होतं, "झेलीबाई, आमच्याही चादरी तशाच निघतात का हो?" आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, मान खाली घालून. घाला.

मी तशीच घरी गेले, होती त्यातली सगळ्यात पांढरी चादर आणली आणि त्यांच्या नाकासमोर झटकली. दाखवा म्हटलं यात निळं कुठंय ते. त्यांनी काही वाद घातला नाही. चादर घेतली, दोरीवर टाकली आणि मला म्हणाले, "झेलीबाई, ही पांढरी आहे हे विसरा. फक्त बघा. तिथे चुणी पडली आहे, तिथे काय रंग आहे?"

"काळपट."

"बघा."

"बघितलं. राखाडी."

"तुम्ही सांगताय. बघत नाही आहात."

मला असा संताप आला! पंचवीस वर्षं चादरी धुतल्या, आणि चादर कशी असते ते हा मला सांगणार? पण मी बघितलं, त्यांचं तोंड बंद करावं म्हणून बघितलं. आणि दिसलं. निळं. वरचं आकाशच चुणीत उतरलं होतं. खालच्या चुणीत हिरवट, कारण खाली गवत होतं. सूर्य होता त्या कडेला पिवळी झाक, लोण्यासारखी. एका पांढऱ्या चादरीवर पांढरा असा कुठे नव्हताच!

त्या दिवसापासून माझे डोळे बिघडले. मला काळी सावली दिसेचना. पावाची सावली जांभळी, मांजराची हिरवी. मी बायांना दाखवायची आणि त्या म्हणायच्या, "झेलीला उन्हाची बाधा झाली." पण एकेक करून सगळ्यांना दिसायला लागलं. नाही म्हणा बघू कुणी! आमच्या नावेवर पाटावर धुणं घासता घासता बाया वाद घालायला लागल्या की आज पाणी कोणत्या रंगाचं आहे. हे यांचं ऋण आहे. मी मानते. यांच्या पेटीत काळ्या रंगाची नळीच नव्हती. पॅरिसमध्ये यांच्यासारखी चित्रं काढणाऱ्यांची वर्तमानपत्रवाले टर उडवत होते, मोठ्या प्रदर्शनाच्या दारातून यांची चित्रं परत येत होती. आणि हे म्हणायचे, "मला जे माहीत आहे ते मी काढणार नाही, झेलीबाई. जे दिसतं तेच काढणार. जे दिसलं नाही ते काढलं की मी मेलो."

हे वाक्य नीट ऐका, मंडळी. मखमली खुर्चीतूनही ऐका.

आता ते चित्र. गवत कापणीचे दिवस, सकाळचे दहा असतील. अर्मांदिन चादर पिळत होती. तिचा डावा खांदा लहानपणी निखळलेला, नीट बसलाच नाही कधी. म्हणून ती चादरीचं एक टोक काखेत दाबायची आणि दोन्ही हातांनी पीळ द्यायची, आणि पीळ देताना तिचं डावं कोपर असं वर जायचं, कोंबडीनं पंख उचलावा तसं. यांनी तिला कधी थांब म्हटलं नाही. थांबली असती तर ती अर्मांदिन कसली! यांनी तिला चालू कामात धरलं. एक निळा फटकारा म्हणजे पाठ. एक गुलाबी ठिपका म्हणजे मान. आणि एक तिरका, जाड, पिवळट फटकारा, तो म्हणजे कोपर. बस. जवळून बघितलं तर रंगाची सांडलवंड. चित्र वाळायला विलोच्या झाडाला टेकवून ठेवलं होतं आणि हे आमचे होडीवाले फिर्मां, ज्यांना स्वतःची बायको दहा पावलांवरून ओळखू येत नाही, हे नदीच्या मध्यावरून होडीतून ओरडले, "अर्मांदिन, तुला तिथे कुणी चिकटवलं गं?"

ओरडला होता की नाही, फिर्मां? बोला मोठ्यानं. हं. ओरडले होते म्हणतात.

अर्मांदिन हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "माझं नाक कुठंय?"

"नाकाला वेळ मिळाला नाही, बाई."

"बरं झालं. नाहीतरी ते आईवर गेलंय."

पाहुणे, तुम्ही मघाशी नगराध्यक्षांना म्हणालात, मी ऐकलं, की चेहऱ्याशिवाय बाई काढणं म्हणजे अर्धवट काम. मी अडाणी बाई तुम्हाला एक विचारते. तुमची आई रस्त्याच्या त्या टोकाला, धुक्यातून चालत येत असली, तर तुम्ही तिला नाक बघून ओळखता का? चालीवरून ओळखता ना? मग? आपल्या माणसाला आपण नाकाडोळ्यांनी थोडंच ओळखतो! या चित्रांना लोक हसले, पण त्यांच्यासमोरून पाय निघत नाही तो यामुळेच. त्यात माणूस रेखून, पुसून, फडताळात ठेवलेला नसतो. तो तुमच्यासमोरून आत्ता चाललेला असतो. तुम्ही मान वळवाल तोवर चादर पिळून होईल, ऊन सरकेल. ही धाकधूक असते त्या चित्रात. म्हणून ते जिवंत.

त्याच हिवाळ्यात नाही, पुढच्या हिवाळ्यात ती गेली. माती देऊन आलो आणि हे लेओनीला हाताला धरून आपल्या खोलीवर घेऊन गेले. मी मागोमाग. पोर तेव्हा तेरा वर्षांची, दोन दिवस डोळ्यांतून टिपूस गाळला नव्हता. यांनी तिला दारातच उभं केलं. म्हणाले, "इथूनच बघ. जवळ गेलीस तर आई हरवेल." पोर बघत राहिली, बघत राहिली आणि मग मोठ्यानं रडली. रडली म्हणून वाचली. आणि हे मला म्हणाले, नीट आठवतंय मला, यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, "झेलीबाई, हे चित्र मी विकणार नाही आणि याला पुन्हा कुंचला लावणार नाही. ती आहे तशी राहील."

दरवर्षी सर्व संतांच्या दिवशी आम्ही मावशी-भाची कबरीवर फुलं ठेवून यांच्या दारात जाऊन उभ्या राहायचो. हे दार उघडून गुपचूप बाजूला व्हायचे. असा माणूस होता हा.

एप्रिलात ठरलं की चित्र गावाला मिळणार, लग्नाच्या दालनात लागणार, आणि द्युफ्रेनसाहेब पॅरिसला मोठ्या शाळेत शिकवायला जाणार, छातीवर सरकारी मानाची फीत लागणार. आम्ही किती हरखलो! मग गेल्या महिन्यात हे म्हणाले, चौकट बदलायची आहे म्हणून चित्र थोडे दिवस आत ठेवतो. आम्ही म्हटलं, ठेवा. कोण शंका घेणार? यांच्या दाराला आम्ही कधी कान लावला नाही.

आणि आज पडदा सरकला. लेओनी सवयीनं मागे दाराशी उभी होती. ती तिथून चालत पुढे आली, अगदी जवळ, आणि माझी बाही ओढून विचारते, "मावशी, ही कोण?"

तुम्ही टाळ्या वाजवत होता तेव्हा माझ्या भाचीनं हे विचारलं. मी हात पुढे केला आणि त्या गोबऱ्या गालावर अंगठा टेकवला. हा बघा. गुलाबी. ओला आहे अजून. मान वळवून तिला आपल्याकडे बघायला लावलं आहे. अर्मांदिन कामावर असताना राजा आला असता तरी मान वळवली नसती! कोपर खाली आणलं आहे, बहुधा नीट दिसावं म्हणून. आणि चादरींच्या चुण्या, मंडळी, जा आणि बघा, तपकिरी केल्या आहेत. माझ्या चादरी, तपकिरी! याच माणसानं, ज्यानं मला उन्हात उभं करून निळं बघायला लावलं!

भाषणाला उभी राहायच्या आधी मी यांना गाठलं, तिकडे कोटांच्या खुंट्यांजवळ. हातात यांच्यासाठीच आणलेला गुच्छ होता, म्हणून हात अडकलेला होता, हे यांचं नशीब.

"हे काय केलंत?"

"समितीची अट होती, झेलीबाई. आकृती पूर्ण करा, मगच लावू."

"ती पूर्ण होती."

"मला माहीत आहे."

"मग हा चेहरा कुणाचा?"

"कुणाचा नाही. असाच."

असाच! मंडळी, असाच! जे दिसलं नाही ते काढलं की मी मेलो म्हणणारा माणूस मला म्हणतो, असाच. आणि वर काय म्हणावं? खाली बघत म्हणाले, "मी तिला सुंदरच केलं ना?"

सुंदर! म्हणजे आधी ती काय होती?

गुरुजी, माझा कोट ओढू नका, शिवण उसवेल. बसते मी. थोडंच राहिलं आहे.

मस्यू द्युफ्रेन, मला कळतं. आयुष्यभर लोक हसले तुम्हाला. केस पांढरे झाले. एकदा तरी कुणीतरी मान द्यावा असं वाटलं असेल. समितीवाल्यांवर माझा राग नाही. त्यांनी अर्मांदिनला बघितलंच नव्हतं. खाटकाच्या बायकोवर नाही, तिला कोंबडीचेच पाय दिसतात. राग तुमच्यावर आहे, कारण तुम्ही बघितलं होतंत, आणि मलाही बघायला शिकवलंत. न शिकवता गेला असतात तर मीही आज टाळ्या वाजवल्या असत्या, सायडर पिऊन घरी गेले असते. आता पॅरिसला जाऊन त्या तरुण पोरांना काय शिकवणार? दिसतं ते काढा म्हणून सांगणार? की दिसतं ते आधी काढा आणि मग कुणी डोळे वटारले तर त्यावर असाच एक चेहरा चढवा, म्हणून?

आणि एक मला सांगा, तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं, तर मला एकदा सांगायचं होतंत. मी समितीसमोर जाऊन उभी राहिले असते. दहा बाया घेऊन गेले असते, धोपाटणी हातात घेऊन. तुम्ही आम्हाला विचारलंही नाही. चौकट बदलतो म्हणालात. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

बरं. आता आभार. अध्यक्षमहाशयांनी माझ्यासारख्या धुणेवालीला या व्यासपीठावर उभं केलं, त्यांची मी आभारी आहे. पुन्हा करतील असं वाटत नाही. पाहुणे इतक्या लांबून आले, माझं बोलणं ऐकून घेतलं, त्यांचे आभार. गुरुजींचे, त्यांच्या वाया गेलेल्या सुंदर कागदाबद्दल. बँडवाल्यांचे. माझ्या बोलण्यात कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, कुठे आवाज चढला असेल, तर नदीवर ओरडून ओरडून घशाला तीच सवय लागली आहे असं समजा आणि सोडून द्या. एक सोडून बाकी सगळं सोडून द्या.

ते एक असं. नगराध्यक्षांनी आत्ताच जाहीर केलं की सोमवारी वार्निशवाला येणार. वार्निश बसलं की हा चेहरा कायमचा. मस्यू, तुमची गाडी रविवारी आहे. लग्न शनिवारी आहे. रंग अजून ओला आहे, आणि खालचा रंग सात वर्षांत दगड झाला आहे. तुम्हीच मला एकदा करून दाखवलं होतंत, वाळलेल्यावरचा ओला रंग टर्पेंटाइनच्या फडक्यानं कसा अलगद निघून येतो. ती बाई खाली आहे. चेहऱ्याच्या खाली, तपकिरीच्या खाली, कोपर वर करून उभी आहे. फडकी मी देते, ढीगभर आहेत, सगळी स्वच्छ. टर्पेंटाइन मी आणते. हात मात्र तुमचा लागेल. माझ्या हातानं पुसलं तर खालचंही जाईल अशी मला भीती वाटते, नाहीतर मी इथे बोलत बसले नसते.

पुसणार की नाही? शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत मला उत्तर हवं. नगराध्यक्षांकडून निरोप नको, गुरुजींच्या अक्षरात चिठ्ठी नको. माझ्या दारात या आणि तुमच्या तोंडानं हो किंवा नाही म्हणा. नाही असेल तर तेही म्हणा, पण लेओनीसमोर म्हणा. सकाळी सहीला उभं राहायच्या आधी त्या पोरीला कळायला हवं, भिंतीकडे बघायचं की नाही.

शुक्रवार, मस्यू द्युफ्रेन. आम्ही दोघी घरीच असू.